थायलंड: आधी फिरा, मग राहा, घराचं शेवटी बघा

नागपुरात प्लॉट घ्यायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, "आरएल आहे काय?" आरएल म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचं रिलीज लेटर, प्लॉट नियमित असल्याचा कागद. मग सातबारा, एनए-टीपी, पोचरस्ता, शेजारच्या लेआउटचं भांडण. बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वरच्या लेआउटांनी आपल्याला ही सवय लावली आहे आणि चांगलीच लावली आहे. तीच माणसं फुकेतच्या निळ्या पाण्याचा फोटो आणि "बुकिंग फक्त पाच लाखांत" एवढं पाहिलं की आरएल विसरतात. थायलंड पहिल्यांदाच बघणाऱ्यांसाठी आणि तिथे एखादा छोटा फ्लॅट असावा असं मनात असलेल्यांसाठी हे लिहितो आहे. क्रम महत्त्वाचा आहे. फ्लॅट शेवटी येतो, म्हणून लेखातही तो उशिरानेच येईल.

आधी स्वस्ताईचं बोलू. अलीकडे एक बाट अडीच ते तीन रुपयांच्या दरम्यान असतो, त्यामुळे सगळं पाण्याच्या भावात मिळतं ही समजूत सोडा. साध्या स्वच्छ हॉटेलातली खोली ८०० ते १,५०० बाट, रस्त्यावरच्या गाडीवर पोटभर जेवण ६० ते १०० बाट. डिसेंबरातल्या गोव्याच्या तुलनेत हे परवडतं आणि पैशाच्या मानाने मिळतं ते जास्त असतं: वेळेवर चालणाऱ्या गाड्या, चांगली इस्पितळं, रात्री उशिरापर्यंत सुरू असणारे रस्ते. शिवाय दीक्षाभूमीच्या शहरातल्या कितीतरी कुटुंबांना तिथले विहार पाहायचे असतातच.

कधी जायचं

मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला आणि शाळांना सुट्ट्या लागल्या की आपण पळायला बघतो. नेमक्या त्याच वेळी थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे फुकेत आणि क्राबीकडे, पाऊस सुरू होतो. तो ऑक्टोबरपर्यंत टिकतो, समुद्र खवळलेला असतो आणि किनाऱ्यावर लाल झेंडे लागलेले असतात. पूर्वेच्या आखातात, को सामुईकडे, गणित उलटं आहे. तिथे जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत सामुई आणि दिवाळीनंतर नोव्हेंबरच्या मध्यापासून फुकेत-क्राबी, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धं काम झालं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सगळ्यात चांगली आणि दरही सगळ्यात चढे. १३ ते १५ एप्रिलला सोंगक्रान असतो, तेव्हा रस्त्यात कोणीही तुमच्यावर पाण्याची बादली रिकामी करेल. मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

उत्तरेकडच्या च्यांग माईबद्दल एक इशारा. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये शेतं आणि जंगलं जाळली जातात आणि शहरावर धुराची चादर बसते. दम्याचा त्रास असणाऱ्याने त्या महिन्यांत तिकडे फिरकू नये.

घर घेण्याचा विचार असेल तर मात्र उलटं करा. कोणती गल्ली तुंबते, कोणत्या इमारतीत ओल येते, हंगाम नसताना खालची दुकानं उघडी असतात की शटर ओढलेलं असतं, हे वाईट ऋतूतच दिसतं.

तिकीट आणि प्रवेश

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून थेट परदेशी विमानं आहेत ती आखाताकडची. बँकॉकसाठी मुंबई, कोलकाता, हैदराबाद किंवा बंगळूर गाठावं लागतं. आपल्याकडे सगळे आपोआप मुंबईकडे धावतात, पण कोलकाता तपासून बघा. तिथून बँकॉक जेमतेम अडीच तासांवर आहे आणि हावडा मार्गावरच्या गाड्या नागपूरवरूनच जातात. वेगवेगळ्या कंपन्यांची सुटी तिकिटं काढली असतील तर मधल्या शहरात सामान उचलून पुन्हा द्यावं लागतं, तेवढा वेळ हाताशी ठेवा. बँकॉकला सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग असे दोन विमानतळ आहेत. स्वस्त उड्डाणं बहुतेक डॉन मुआंगला उतरतात. पुढचं विमान दुसऱ्या विमानतळावरून असेल तर मध्ये पाच-सहा तास हवेत.

नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसाशिवाय प्रवेश मिळू लागला आणि जुलै २०२४ मध्ये त्याची मुदत ६० दिवस झाली. हे नियम तिथलं सरकार बदलत असतं, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशी थाई दूतावासाचं संकेतस्थळ बघाच. १ मे २०२५ पासून डिजिटल आगमन पत्रही भरावं लागतं. ते पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत, सरकारी संकेतस्थळावर, फुकट भरता येतं. पैसे मागणारं पान दिसलं की ते बंद करा. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि खर्चापुरते पैसे दाखवता आले पाहिजेत. ई-सिगारेट घेऊन जाऊ नका. तिथे ती आणणंच बेकायदा आहे आणि पोलीस खिसे तपासतात. राजघराण्यावर विनोद करणं हा तर तुरुंगात नेणारा गुन्हा आहे, समाजमाध्यमांवरचा विनोदसुद्धा.

पहिली फेरी

पाच दिवसांचं बँकॉक-पटाया पॅकेज वाईट नसतं, पण त्यात देश बसच्या खिडकीतून दिसतो. पहिल्यांदा तीन रात्री बँकॉकला, हॉटेल बीटीएसच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, स्टेशनाजवळ. विमानतळावरून शहरात यायला सुवर्णभूमीची रेल्वे जास्तीत जास्त ४५ बाटांत पोचवते, बाहेर उभा असलेला टॅक्सीवाला कितीही सांगो. राजवाड्याच्या आवारातल्या वाट फ्रा केव मंदिराच्या भिंतींवर रामकियेन, म्हणजे थाई रामायण, रंगवलेलं आहे. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत. एक दिवस साध्या पॅसेंजरने अयुथयाला जा. १३५१ ते १७६७ या काळातल्या राजधानीचे अवशेष आहेत, तिकीट अगदी थोड्या बाटांचं आणि खिडकी उघडी.

शाकाहारी माणसाची खरी परीक्षा गाडीवर होते. भाजीच दिसते, पण त्यात माशाचं पाणी, नाम प्ला, पडलेलं असतं. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात "जे" लिहिलेलं दुकान शोधा. तिथे मांस, मासे, अंडी काहीच नसतं, कांदा-लसूणही नसतो. थाई अक्षर फोनमध्ये चित्र म्हणून ठेवा आणि दाखवा, तोंडी सांगण्यापेक्षा ते चालतं. खायला सावजी लागणाऱ्यांनी चिंता करू नये, तिखटाच्या बाबतीत ते लोक आपल्याला मागे टाकतात.

एटीएममधून पैसे काढताना परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाट किंवा त्याहून जास्त शुल्क पडतं. म्हणून थोडे थोडे काढू नका. मशीन "रुपयांत हिशेब करू का" असं विचारेल, नाही म्हणा.

स्कूटर भाड्याने घ्यायची असेल तर एमएच ३१ असो की एमएच ४९, आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना आधी काढा. त्यात दुचाकीचा प्रकार नोंदवलेला पाहिजे. नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते आणि तिथलं इस्पितळाचं बिल लाखांत जातं.

मग महिनाभर राहा

आवडलं ना? मग पुढच्या खेपेला हॉटेल सोडा आणि एक काँडो महिन्याच्या भाड्याने घ्या. काँडो म्हणजे सोसायटीतला फ्लॅट. पटायाजवळच्या जोमतिएनला किंवा च्यांग माईला ८ ते १५ हजार बाटांत एका खोलीचा मिळतो, वीज वेगळी. विजेचा दर करारात वाचा, काही मालक मीटरवर स्वतःचा नफा लावतात. तुम्ही आल्याची खबर मालकाने २४ तासांत इमिग्रेशनला द्यायची असते. ती दिल्याची पावती मागा, पुढे मुदतवाढीला लागते.

या महिन्यात पर्यटनस्थळं बघू नका. दवाखाना शोधा, धुणं वाळतं का बघा, शेजारच्या बांधकामाचा आवाज ऐका, लिफ्टला सकाळी किती वेळ थांबावं लागतं ते मोजा. इमारतीच्या कार्यालयात जाऊन बसा आणि देखभाल निधीत किती शिल्लक आहे ते विचारा. जिथे उत्तर मिळत नाही तिथे घ्यायचं नाही. २८ मार्च २०२५ च्या म्यानमारच्या भूकंपाने बँकॉकचे उंच काँडो हादरले आणि चतुचकमधली एक बांधकाम चालू असलेली सरकारी इमारत कोसळली. बँकॉकला बघत असाल तर भूकंपानंतर इमारतीची तपासणी कोणी केली, अहवाल कुठे आहे, हा प्रश्न आता रोजचा झाला आहे.

सत्तर टक्के लोकांचं काम इथेच संपावं असं माझं मत आहे. वर्षातून एक-दोन महिने जायचं असेल तर भाडं स्वस्त पडतं. फ्लॅट घेतल्याने व्हिसा मिळत नाही, हे एजंट सहसा शेवटी सांगतो. जास्त राहायचं तर वेगळी सोय बघावी लागते: पन्नाशी ओलांडलेल्यांना निवृत्ती व्हिसा, त्यासाठी साधारण ८ लाख बाट बँकेत दाखवावे लागतात, किंवा २०२४ मध्ये सुरू झालेला, घरून काम करणाऱ्यांचा डीटीव्ही, त्यासाठी ५ लाख बाट.

कायदा काय घेऊ देतो

जमीन नाही. आपल्या डोक्यात मालमत्ता म्हणजे प्लॉट, म्हणून इथेच गडबड होते. परदेशी माणसाला थायलंडमध्ये जमीन स्वतःच्या नावावर घेता येत नाही. बंगला दाखवतात तेव्हा खालची जमीन भाडेपट्ट्यावर असते आणि भाडेपट्ट्याची कायदेशीर मुदत ३० वर्षं. "३० अधिक ३० अधिक ३०, म्हणजे ९० वर्षं" असं माहितीपत्रकात छापलेलं असतं. पहिली तीस पक्की, पुढची साठ समोरच्याच्या मर्जीवर. थाई माणसांच्या नावे कंपनी काढून जमीन घ्या, असंही कोणीतरी सुचवेल. नावापुरते भागीदार उभे करणं गुन्हा आहे आणि अशा कंपन्यांवर तिथे कारवाया चालू आहेत.

काँडो मात्र पूर्ण मालकीने घेता येतो. अट एक: इमारतीतल्या एकूण सदनिकांच्या क्षेत्रफळापैकी परदेशी लोकांकडे ४९ टक्क्यांपेक्षा जास्त जाऊ शकत नाही. एखादा फ्लॅट शेजारच्यापेक्षा बराच स्वस्त दिसला की तो बहुधा थाई कोट्यातला असतो. तो तुमच्या नावावर होणारच नाही. परदेशी कोट्यात जागा शिल्लक आहे असं पत्र इमारतीच्या व्यवस्थापन संस्थेकडून टोकन देण्याआधी घ्या, नंतर नाही.

दुसरी हवा "आम्ही रोजच्या भाड्याने देऊ, सात-आठ टक्के हमखास" याची. २००४ च्या हॉटेल कायद्यानुसार ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीने जागा भाड्याने द्यायला हॉटेलचा परवाना लागतो. साध्या काँडोला तो नसतो. तेव्हा ॲपवर रोजाने खोली देण्याचा बेत कागदावरच राहतो, किंवा दंडाच्या पावतीवर. आणि हमखास परतावा देणारा बिल्डर बहुतेक वेळा तोच पैसा आधी किमतीत घालून ठेवतो.

कागद: आरएलची सवय कामाला लावा

हक्काचा कागद म्हणजे भूमी विभागाने दिलेलं मालकीपत्र. मूळ प्रत भूमी कार्यालयात ठेवलेल्या प्रतीशी जुळवून बघायची. मागच्या पानावर गहाण, जप्ती, मालकांची साखळी नोंदवलेली असते. मजकूर सगळा थाईत, त्यामुळे स्वतःचा वकील लागतोच. बिल्डरने "फुकट" दिलेला वकील हा बिल्डरचा वकील असतो.

बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात ८० किंवा जास्त सदनिका असतील, किंवा क्षेत्रफळ ४,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल, तर पर्यावरण परिणाम अहवालाची मंजुरी लागते. मंजुरीआधीच बुकिंग घेणारे आहेत. आपल्याकडच्या महारेराचं संरक्षण तिथल्या प्रकल्पाला लागू नाही आणि पैसे एस्क्रो, म्हणजे तिऱ्हाइताच्या ताब्यातल्या, खात्यात ठेवणं तिथे ऐच्छिक आहे. मी तर नवख्याला सांगेन, दहा वर्षं जुनी, लोक राहत असलेली इमारत बघा. दिसतं ते घेता येतं.

पोचरस्त्याचा प्रश्न तिथेही विचारा. बँकॉकच्या अशोक चौकातल्या ॲश्टन अशोक या सुमारे पन्नास मजली इमारतीचा बांधकाम परवाना सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये बेकायदा ठरवून रद्द केला. लोक राहायला आले होते. भांडण इमारतीच्या वाटेचं होतं, मेट्रोसाठी संपादित झालेल्या जमिनीवरून ती काढली होती. नामांकित बिल्डर, मेट्रोच्या दारात इमारत, आणि अडकलं कुठे? रस्त्यात. हुडकेश्वरच्या माणसाला हे वेगळं समजवायची गरज नाही.

पैसे नागपुरातून कसे जातात

इथे घाई करू नका. भारतात राहणाऱ्या माणसाला रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर परदेशी पाठवता येतात, त्यात घरखरेदीही बसते. पॅन आणि ए-२ फॉर्म लागतो. गल्लीतल्या शाखेत गेलात तर कारकून तुम्हालाच विचारेल की हे कसं करायचं. सिव्हिल लाइन्स किंवा धंतोलीकडच्या, परकीय चलनाचं काम करणाऱ्या मोठ्या शाखेत जा आणि "घरखरेदी" हाच उद्देश लिहा. "प्रवास" किंवा "नातेवाइकांचा खर्च" लिहून पाठवलेले पैसे पुढे तुमच्याच गळ्यात येतात. इथल्या बँकेचं कर्ज काढून हे पैसे पाठवता येत नाहीत. क्रेडिट कार्डावर टोकन मारू नका, मालमत्ता प्रदर्शनातला पोरगा मशीन पुढे करेल तरी.

आता टीसीएस. एका आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर गेलेल्या रकमेवर बँक २० टक्के कापून सरकारजमा करते. समजा काँडो २० लाख बाटांचा, बाट २.८० रुपये, म्हणजे ५६ लाख. एकट्याच्या नावाने एका वर्षात पाठवले तर ४६ लाखांवर ९ लाख २० हजार टीसीएस. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतला आणि प्रत्येकाने २८ लाख पाठवले तर दोघांचा मिळून ७ लाख २० हजार. त्यातच अर्धे मार्चमध्ये आणि अर्धे एप्रिलमध्ये पाठवता आले तर तो ३ लाख २० हजारांवर येतो. हा वेगळा कर नाही. प्राप्तिकरात वळता होतो किंवा परत मिळतो आणि पगारदार माणूस तो मालकाला सांगून टीडीएसमध्ये जमवून घेऊ शकतो. पण तोवर पैसा अडकतो, आणि अनेकांचा सौदा नेमका याच रकमेपायी फसतो. त्याच वर्षी मुलाची परदेशी फी किंवा फॉरेक्स कार्डाचा भरणा केला असेल तर तोही १० लाखांच्या हिशेबात धरला जातो.

एक बारीक गोष्ट, पण व्यवहार तिच्यावरच उभा असतो: पैसे डॉलरमध्येच जाऊ द्या. इथेच बाट करून पाठवले तर ते परकीय चलनात आल्याचा पुरावा तिथली बँक देऊ शकत नाही आणि त्या पुराव्याशिवाय भूमी कार्यालय परदेशी माणसाच्या नावावर फ्लॅट करत नाही. पाठवणाऱ्याचं नाव आणि खरेदीदाराचं नाव एकच हवं. दोघांची नावं लावायची असतील तर दोघांच्या खात्यातून. संदेशाच्या रकान्यात इमारतीचं नाव आणि सदनिका क्रमांक लिहा.

नावावर करण्याचा दिवस

भूमी कार्यालयात सकाळी लवकर जायचं, टोकन घ्यायचं आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर वाट बघायची. वकील फोल्डर उघडून क्रमाने कागद लावतो: पासपोर्ट, परकीय चलनाचा दाखला, परदेशी कोट्याचं पत्र, आणि विकणाऱ्याकडे सोसायटीची थकबाकी नाही याचं पत्र. हे शेवटचं नसेल तर अधिकारी फाईल सरळ परत सरकवतो. पैसे बँकेच्या धनादेशाने, तिथल्या तिथे. सरकारी मूल्यांकनाच्या २ टक्के हस्तांतरण शुल्क, बहुतेक वेळा दोघांत अर्धं अर्धं. विकणाऱ्याने पाच वर्षांच्या आत विकला असेल तर ३.३ टक्के व्यवसाय कर, नाहीतर ०.५ टक्का मुद्रांक. हे कोण भरणार ते करारातच लिहून घ्या. दुपारपर्यंत गरुडाचं चिन्ह असलेलं मालकीपत्र हातात येतं, मागच्या पानावर तुमचं नाव थाई लिपीत. जाणं जमणार नसेल तर मुखत्यारपत्र भूमी विभागाच्याच नमुन्यात करा आणि ते मुंबईच्या थाई वाणिज्य दूतावासातून साक्षांकित करून घ्या.

त्यानंतर दरमहा देखभाल, साधारण ४० ते ८० बाट चौरस मीटरला. ३५ चौरस मीटरच्या, म्हणजे पावणेचारशे चौरस फुटांच्या खोलीला ५० च्या दराने महिन्याला १,७५० बाट, जवळजवळ पाच हजार रुपये, कुलूप असलं तरी. तिथली घरपट्टी त्यापुढे किरकोळ आहे.

इकडे नागपुरात सीएला पहिल्याच वर्षी सांगा. सहज, म्हणजे आयटीआर-१, आता चालत नाही. विवरणपत्रात शेड्युल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरावं लागतं, तेही १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या कॅलेंडर वर्षाप्रमाणे, भाडं येवो न येवो. लपवलं तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली दर वर्षाला १० लाखांचा दंड होऊ शकतो. भाडं आलं तर ते इथल्या उत्पन्नात धरतात आणि तिकडे भरलेल्या कराची वजावट मिळते, पण त्यासाठी तिकडची पावती आणि वेगळा फॉर्म लागतो. वारसांसाठी तिकडच्या मालमत्तेपुरतं मृत्युपत्र थायलंडमध्येच करून ठेवा. आणि परकीय चलनाच्या दाखल्याची मूळ प्रत जपून ठेवा. पुढे फ्लॅट विकून पैसे बाहेर काढायचे झाले की तिथली बँक पहिल्यांदा तोच कागद मागते.